खुलं पत्र: बाळाच्या गुटीतलं अतिविष कुठून येतं, ते पुडीवर लिहा

प्रति,
राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ, आयुष मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
बाळगुटी, चूर्णं व लहान मुलांची आयुर्वेदिक औषधं बनवणारे सर्व उत्पादक

स. न. वि. वि.

साताऱ्यात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. आजेसासऱ्यांनी ते काढलं, सासऱ्यांनी वाढवलं, आता मी बघते. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते गुटीचं सामान. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली की तिची आई नाहीतर आजी पिशवी घेऊन दुकानात येते. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, मायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, डिकेमाली, खारीक, बदाम अशी यादी तोंडपाठ असते. शेवटी आवाज थोडा खाली आणून विचारतात, "आणि अतिविष आहे का? कसं दिलं?" बाकीच्या जिनसांचा भाव सहसा कुणी विचारत नाही. अतिविषाचा विचारतात, आणि ऐकून निम्म्या बायका म्हणतात, "राहू दे, त्याच्याशिवायच द्या."

यंदा माल भरताना घाऊक व्यापाऱ्याला मी फोनवर सहज विचारलं, हे अतिविष रानातलं की लागवडीचं? तो हसला. "वहिनी, हिमालयातला अस्सल माल आहे. कागदबिगद कुणी मागत नाही, तुम्हीच पहिल्या." मला त्याचा राग आला नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. कागद खरोखरच कुणी मागत नाही. ज्यांनी मागायला हवा, त्यांना हे पत्र.

इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर पोस्टाने गेली आहे. ही मराठी प्रत सगळ्यांसाठी आहे, कारण तुमच्या निर्णयांचा शेवट ज्या सहाणेवर होतो ती सहाण मराठी घरांत आहे.

आधी ज्या झाडाबद्दल बोलतेय ते काय आहे ते सांगते. मंडळाला हे माहीत आहे, वाचकांना कदाचित नसेल. अतिविष आपल्या सह्याद्रीत होत नाही. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या पट्ट्यात, साधारण 2,400 ते 4,500 मीटर उंचीवर, जिथे मोठी झाडं संपतात आणि बुग्याळं, म्हणजे डोंगरमाथ्यावरची गवताळ कुरणं सुरू होतात, तिथलं ते रोप. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच. बर्फ वितळला की जमिनीतून वर येतं, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास टोपीसारखी निळसर, जांभळ्या शिरांची फुलं धरतं, आणि थंडी पडायला लागली की बी पिकतं. औषधाला लागतो तो जमिनीतला कंद. बचनाग त्याचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला आणि जबर विषारी. अतिविष मात्र विषारी नाही, नुसतं कडू आहे. इतकं कडू, की जिभेवरून अर्धा तास जात नाही.

कंद जोडीने असतात. यंदाच्या फुटीला पोसून जुना कंद संपतो आणि शेजारी नवा तयार झालेला असतो, तो पुढच्या वर्षी फुटतो. म्हणजे कंद खणणं म्हणजे झाड मुळासकट संपवणं. हिरड्याचं तसं नाही; फळ वेचलं तरी झाड उभं राहतं. बी पिकण्याआधी अतिविष खणलं, की ते झाडही गेलं आणि त्याची पिलावळही. आणि नेमकं तसंच होतं. वर बर्फ लवकर पडतो, पोटासाठी खणणाऱ्या माणसाला त्याआधी खाली यायचं असतं, आणि आपण थांबलो तर दुसरा खणून नेईल ही धास्ती असते. त्या माणसांना मी दोष देत नाही. आमच्याकडे जांभूळ-करवंदाच्या दिवसांत काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. जे कुणाचंच नसतं ते जो आधी पोचेल त्याचं होतं.

आता उपयोगाचं. या वनस्पतीची किंमत नुसत्या भावात मोजली जाऊ नये, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोणत्या कामात कोणतं द्रव्य सर्वांत श्रेष्ठ याची एक मोठी यादी आहे. तिथे भूक वाढवणं, अन्न पचवणं, पातळ शौच बांधणं आणि सगळे दोष शमवणं या एकत्र कामात अतिविष अव्वल सांगितलं आहे. चारही कामं एका कंदात, आणि तीही लहान मुलाला झेपतील अशी. म्हणून बाळाच्या औषधांत ते पुन्हा पुन्हा येतं. बालचातुर्भद्र चूर्णात नागरमोथा, पिंपळी, काकडशिंगी आणि अतिविष ही चार द्रव्यं असतात. ताप, जुलाब, खोकला, उलटी यांवर ते मधात देण्याची रीत आहे. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं आता सगळे डॉक्टर सांगतात. ते बरोबर आहे आणि दुकानात मीही सांगते.) मोठ्यांच्या जुलाबावर कुडाघनवटी आहे. तिच्यात कुड्याच्या सालीच्या घनासोबत अतिविष असतं. कुडा आमच्या घाटातला, अतिविष तिकडच्या बर्फातलं. दोन टोकांच्या डोंगरांची ती एक गोळी.

पोथ्यांच्या बाहेरही त्याचा वापर आहे. उत्तराखंड-हिमाचलातल्या चमोली, पिथौरागढ, किन्नौर, लाहौल या भागांत पोटदुखी, जुलाब, ताप, खोकला यांवर घरात ठेवलेला कंद उगाळून किंवा चिमूटभर चूर्ण करून देतात. आम्ही यात्रेला गेलो होतो तेव्हा चमोली जिल्ह्यात ज्या घरी उतरलो, तिथल्या आजीबाईंनी चुलीवरच्या फडताळातून एका कापडाच्या चिंधीत बांधलेले तीन-चार कंद काढून दाखवले. हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडे लांब, राखाडी, टोकाकडे निमुळते. त्या म्हणाल्या, पूर्वी गुरांमागे वर गेलं की पोरं येताना खिशात घेऊन यायची. आता दोन दिवस चालावं लागतं आणि मिळतातच असं नाही. "नीचे वालों को बहुत चाहिए," असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या खालच्यांत मीही होते.

गुटीत अतिविष किती जातं? सहाणेवर बाळाच्या वयाप्रमाणे दोन-तीन वेढे. एक बऱ्यापैकी कंद एका बाळाला वर्षभर पुरून उरतो. पुढे तोच जावेच्या बाळाला जातो. सासरे सांगायचे की पूर्वी गुटीची डबी लेकीच्या घरून सुनेच्या घरी फिरत असे. म्हणून घरच्या सहाणेने डोंगर रिकामा केला असं मला पटत नाही. पिंपांनी माल उचलला जातो, यंत्रात दळला जातो आणि रंगीत बाटलीत भरला जातो, तेव्हाचा हिशेब वेगळा असतो. बालरोगतज्ज्ञ तर सांगतातच की सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका, आणि जी आजी माझ्याकडे येते तिला मी म्हणते की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुटी सुरू करू नका. गुटी द्यावी की न द्यावी हा वाद मी इथे सोडवणार नाही. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे: जे विकलं जातंय ते कुठून आलं हे सांगायला कुणी बांधील आहे की नाही?

2015 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, अतिविषाची गणना संकटग्रस्त प्रजातींत केली. तेव्हापासून बाटल्यांवरचं लेबल एका शब्दानेही बदललेलं मला दिसलं नाही. माझ्या तक्रारी या अशा.

पहिली तक्रार लेबलची. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे आयुर्वेदिक औषधावर घटकांची नावं, प्रमाण, परवाना क्रमांक, निर्मितीची तारीख हे सगळं छापावं लागतं. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात अतिविष कसं ओळखायचं याचं मानकही आहे. पण ते रानातून खणलं की शेतात पिकवलं, कोणत्या राज्यातून आणलं, कोणत्या वर्षी खणलं, यातलं काहीच सांगावं लागत नाही. आंब्याच्या पेटीवर "देवगड" लिहायचं की "रत्नागिरी" यावर आपल्याकडे भांडणं होतात, आणि संकटग्रस्त वनस्पतीच्या मुळावर गावाचं नाव नको?

दुसरी तक्रार अशी की ही अट घालणं अशक्य आहे असं कुणी म्हणू शकत नाही, कारण निर्यातीसाठी ती आधीच आहे. 1998 मध्ये केंद्राने 29 वनस्पतींची यादी काढून त्यांचा रानातला माल परदेशी पाठवायला बंदी घातली. अतिविष ज्यात येतं तो बचनागाचा अख्खा गट त्या यादीत आहे, त्याच्याबरोबर कुटकी, जटामांसी, किराईत आणि आमच्या सह्याद्रीतली खरपुडीसुद्धा. लागवडीचा माल असेल तर दाखला दाखवून पाठवता येतो. म्हणजे जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी आपण विचारतो, "हे पिकवलंय का?" साताऱ्यातल्या गिऱ्हाइकासाठी विचारत नाही. झाडाला काय फरक पडतो, त्याचा कंद मुंबईच्या बंदरातून गेला की पुण्याच्या टेम्पोतून?

तिसरी तक्रार तुमच्या प्रमाणपत्र योजनेची. चांगली लागवड आणि चांगलं संकलन यासाठी मंडळाने भारतीय गुणवत्ता परिषदेसोबत औषधी वनस्पतींच्या मालासाठी प्रमाणपत्राची योजना आणली. कल्पना उत्तम आहे. पण ती ऐच्छिक आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं. ऐच्छिक गोष्टी सगळ्यात आधी कोण टाळतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शतावरी, अश्वगंधा यांसाठी ती ऐच्छिक असायला माझी हरकत नाही. संकटग्रस्त ठरलेल्या वनस्पतीसाठी ती ऐच्छिक असणं म्हणजे ती नसणं.

चौथी तक्रार मला लिहायची नव्हती, पण लिहिते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने एवढं तरी केलं होतं की रानातली संपत्ती धंद्यासाठी उचलणाऱ्याने राज्याच्या जैवविविधता मंडळाला कळवावं आणि फायद्यातला वाटा तिथल्या लोकांना द्यावा. देशी कंपन्यांनाही ते लागू आहे, असं 2018 च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मग 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लागवडीच्या वनस्पतींना सूट मिळाली, ती योग्य आहे आणि तिला उगमाच्या दाखल्याची अटही आहे. पण त्याच्याच शेजारी ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानालाही सूट मिळाली, आणि गुन्ह्याच्या जागी दंड आला. हा कायदा तुमच्या खात्याचा नाही, पर्यावरण मंत्रालयाचा आहे, हे मला कळतं. सूट मात्र आयुषच्या नावाने दिली गेली. चरकाने दोन हजार वर्षांपूर्वी ज्याचा गुण लिहून ठेवला, ते झाड आज चमोलीतल्या कुणाच्या तरी गायरानात उगवतं. ज्ञान ग्रंथातलं असेल, कंद ग्रंथातला नाही. गावच्या वैदूला सूट हवीच. पण बाटल्यांचा कारखाना त्याच दारातून आत शिरणार नाही, हे बघण्याची जबाबदारी आयुष मंत्रालय अंगावर घेणार आहे का?

पाचवी तक्रार भेसळीची, आणि ही थेट माझ्या गल्ल्यावर येते. माल कमी आणि भाव किलोला हजारांत, मग भेसळ होणारच. सासऱ्यांनी मला ओळख शिकवली ती अशी. कंद हाताने मोडायचा. तो खटकन तुटला पाहिजे, चिवट तंतू निघता कामा नयेत. आत पांढराशुभ्र, पिठाळ, आणि त्या पांढऱ्यात गोलाकार बसलेले चार ते सात बारीक काळसर ठिपके. ठिपके दिसले नाहीत तर पोतं बाजूला. शेवटी अगदी खसखशीएवढा कण जिभेवर: कडू लागला तर ठीक, जीभ झिणझिणली किंवा बधिर झाली तर लगेच थुंकायचं आणि सबंध पोतं परत करायचं, कारण तो बचनागाच्या घरातला कुणीतरी दुसरा आहे. ही चाखायची रीत मी माझ्या मुलाला शिकवणार नाही आणि वाचकांनीही करू नये. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पोत्यात मला तीन तऱ्हेचे कंद सापडले. एक खरं, एक मुसळीसारखं कसलंतरी मूळ, आणि एक असं, की त्यानंतर संध्याकाळपर्यंत जिभेचं टोक माझं नव्हतं. माल परत गेला. तो पुढे कुणाच्या दुकानात गेला ते मला माहीत नाही, आणि याचाच विचार करून मला झोप लागत नव्हती. दोन महिन्यांच्या बाळाच्या वाटीत जाणारी वस्तू ओळखण्याची शेवटची जबाबदारी एका दुकानदारणीच्या जिभेवर असावी, ही व्यवस्था तुम्हाला मान्य आहे?

सहावी तक्रार थोडक्यात: लागवड करा असं सगळे म्हणतात, विकत घेणार कोण ते कुणी सांगत नाही. अतिविषाला तुमच्या योजनेत 75 टक्के अनुदानाच्या गटात जागा मिळाली होती. श्रीनगर-गढवालचं उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र, गोपेश्वरची जडीबूटी संस्था, सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची पालमपूरची संस्था यांनी या उंचीवरच्या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. रोपं होतात, शेत होतं. पण कंद हाती यायला तीन वर्षं तरी जातात. तीन वर्षं शेत अडकवून ठेवायचं आणि खणल्यावर व्यापारी म्हणणार, रानातला माल स्वस्त पडतो. कोण करील? लाहौलमध्ये कूठ या दुसऱ्या औषधी मुळाची शेती गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपासून होते आहे, म्हणजे हिमालयातल्या शेतकऱ्याला हे जमत नाही असं नाही. त्याला गिऱ्हाईक लागतं, आणि रानातल्या चोरट्या मालाशी भावात झुंजायला लावू नका एवढंच.

सह्याद्रीत राहणाऱ्यांना हे सगळं नवं नाही. नरक्याच्या खोडात कॅन्सरच्या औषधाला लागणारं द्रव्य सापडलं आणि आमच्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या घाटांतून ट्रक भरून लाकूड गेलं. तेव्हाही आधी झाडं गेली आणि पंचनामे नंतर आले.

तुमचाच 2017 चा अहवाल सांगतो की देशात 1,178 औषधी वनस्पतींचा व्यापार होतो आणि त्यातल्या 242 वनस्पती वर्षाला प्रत्येकी 100 मेट्रिक टनांहून जास्त लागतात. एवढ्या सगळ्यांवर एकदम पहारा ठेवा असं मी म्हणत नाही. संकटग्रस्त ठरलेल्या मोजक्या घ्या आणि तिथून सुरुवात करा. अतिविष त्यात पहिलं असावं, कारण ते घेणाऱ्याला स्वतःला बोलता येत नाही.

माझ्या मागण्या:

1. अतिविष असलेल्या प्रत्येक पुडीवर, बाटलीवर आणि घाऊक पोत्यावर "रानातलं" की "लागवडीचं", राज्य आणि खणल्याचं वर्ष छापणं बंधनकारक करा. अक्षरं घटकांच्या नावांएवढीच मोठी असोत, भिंगाची नकोत.

2. निर्यातीला जी अट आहे ती देशातल्या विक्रीला लावा. एका वर्षात नको, टप्प्याने लावा; पण शेवटची तारीख जाहीर करा.

3. बी पिकून पडेपर्यंत खणणं बंद ठेवा आणि बंदीची राखण वनपंचायतींच्या हाती द्या, पैशासकट. लहान कंद परत मातीत लावण्याची जी पद्धत तुमच्याच संकलनाच्या मार्गदर्शिकांत आहे, ती कागदावरून बुग्याळात न्या.

4. लागवडीचा माल ठरलेल्या भावाने घेण्याचा करार उत्पादकांनी शेतकऱ्यांशी तीन वर्षं आधी करावा. मोठ्या उत्पादकांना परवाना नूतनीकरणाच्या वेळी हा करार दाखवायला सांगा.

5. नागरमोथ्याला मोकळी वाट द्या.

या पाचव्या मागणीवर थोडं थांबते, कारण उत्पादकांना माझं म्हणणं मुख्यतः हेच आहे. अतिविष मिळत नसेल तर नागरमोथा घ्यावा, ही सोय आयुर्वेदाने आधीच करून ठेवली आहे. प्रतिनिधी द्रव्यांच्या जुन्या याद्यांत ही जोडी आहे. 2010 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी या दोघांची तुलना प्रसिद्ध केली. वनस्पती म्हणून दोघांचा काही संबंध नाही, एक बर्फाळ कुरणातला, दुसरा गवतासारखा दिसणारा, पण आयुर्वेदाने सांगितलेले गुण आणि प्रयोगात दिसलेलं काही काम जुळतं असं त्यांना आढळलं. आणि नागरमोथा म्हणजे कोण? आपला लव्हाळा. खुरपून खुरपून शेतकरी बायांच्या बोटांची सालं निघतात, तरी जो पुन्हा उगवतो तो. त्याच्या मुळांच्या गाठी. महाराष्ट्रात त्याचा तुटवडा पडेल ही भीती कुणीही बाळगू नये.

सगळ्या ठिकाणी नागरमोथा चालेल असा माझा दावा नाही. बालचातुर्भद्रात तो आधीच आहे. तिथे अतिविषाच्या जागी पुन्हा तोच घातला तर दुप्पट धरायचा का, हे वैद्यांनी बसून ठरवावं. मी दुकानदार आहे, वैद्य नाही. पण कुठे चालतो आणि कुठे नाही याचं एक स्पष्ट परिपत्रक निघालं, आणि उत्पादकांनी लेबलवर "अतिविषाऐवजी नागरमोथा" असं उघड छापलं, तर गिऱ्हाइकाची फसवणूक होत नाही आणि डोंगराला चार वर्षं उसंत मिळते. आज काय चालतं? लेबलवर अतिविष, आत काय ते देव जाणे. उघड बदली ही भेसळीपेक्षा केव्हाही इमानदार.

काही उत्पादक म्हणतील, नावाशिवाय माल खपणार नाही, आयांना अतिविषच हवं असतं. माझ्या काउंटरवरचा अनुभव तसा नाही. मी जेव्हा सांगते की हे झाड डोंगरातून संपत चाललंय आणि याऐवजी नागरमोथा शास्त्रात सांगितला आहे, तेव्हा दहातल्या सात-आठ आज्या म्हणतात, "मग तोच द्या, आमच्या रानातलाच आहे." उरलेल्या दोघी-तिघी दुसऱ्या दुकानात जातात. तेवढा तोटा मला परवडतो. तुमचा धंदा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

6. दरवर्षी एक पान प्रसिद्ध करा: किती अतिविष रानातून निघालं, किती शेतातून, किती कारखान्यांत गेलं. तीन आकडे. तुमच्या ई-चरक पोर्टलवर टाका, हिंदीत टाका, मराठीत मी स्वतः करून देईन.

आमच्या दुकानात या दिवाळीपासून गुटीच्या पुडीत अतिविष नसतं. त्या जागी नागरमोथा असतो आणि पुडीवर तसा शिक्का मारलेला असतो. अतिविषच पाहिजे असा हट्ट असेल तर मी सांगते की लागवडीचा दाखला असलेला माल आला की कळवीन, नंबर लिहून ठेवा. वहीत आजवर पुष्कळ नंबर जमले आहेत. दाखला असलेला माल विकणारा कुणी तुमच्या माहितीत असेल तर त्याचं नाव मला कळवा; उत्तराची सुरुवात तिथून झाली तरी चालेल.

कळावे,

आपली,
एक काष्ठौषधी विक्रेती
सातारा

प्रत माहितीसाठी: महाराष्ट्रातील औषध परवाना अधिकारी, उत्तराखंड व हिमाचल प्रदेश राज्य जैवविविधता मंडळे, माझ्या दुकानातली काचेवर लावलेली एक प्रत.